सट्टा रिकामटेकड्यांचं काम? मला नाही पटत

वणीकर
आमच्याकडे सट्टा खेळणारा म्हणजे कामचुकार, असं सरसकट बोलतात. मी ज्यांना बुडताना बघतो ते राबणारे आहेत: कापसाचा चुकारा एकरकमी हाती आलेला शेतकरी, फवारणीच्या रोजीवर जाणारा पोरगा. पानठेल्यावर पट्टी (आकड्याची चिठ्ठी) घेणारा दहा रुपयांचाही आकडा लिहून घेतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानुसार जगात सुमारे ८ कोटी प्रौढांचा जुगार हाताबाहेर गेलाय. गावात हे उघड होत नाही, कारण उसने पैसे 'खतासाठी'च घेतलेले असतात.

पाटणबोरीचा शेतकरी
भाऊ, मूळ दुखणं भावाचं आहे. पीक पाण्यात गेलं की माणूस आकडा लावतो. कापसाला भाव द्या, सट्टा आपोआप कमी होईल.

आर्वीची ताई
दादा, २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्या गावात पट्टी घेणारे दोनाचे चार झाले. ते काऊन झालं मग? आणि फेडतं कोण? बचत गटाचं रजिस्टर मी लिहिते. हप्ता थकला की बाई आधी लेकराचं दुखणं सांगते. पुढच्या महिन्यात कानातले गहाण टाकून येते, तेव्हा कुठे नवऱ्याचं नाव काढते. तिनं आयुष्यात आकडा लावलेला नसतो.

झाडीपट्टीवाला
पोळ्याचे पत्ते, कोंबडबाजार (कोंबड्यांच्या झुंजीवरच्या पैजा) आजोबांपासून चालत आलेत. चार दिवस खेळले, उठले. सगळ्यांना व्यसनी ठरवू नका. पोरं नासवली मोबाइलनं, आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाही झाला.

वणीकर
उठून घरी जाणाऱ्यांबद्दल तक्रार नाहीच. हरलेलं काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट लावतो, घरी खोटं बोलतो, त्याचं काय? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्येच हे दारूच्या व्यसनाच्या रांगेत बसवलं. कायदा तर १८८७ चाही आहे. त्यानंतर मटका आला, तोही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर! आता अॅप बंद झालं तर बुकी व्हॉट्सअॅपवर 'आयडी' (सट्ट्याच्या साइटचं खातं) देतो, वर उधारीही देतो.

पाटणबोरीचा शेतकरी
व्यसन म्हटलं की जबाबदारी संपली, असं होऊ नये एवढंच. छापा पडतो, पट्टीवाला जामिनावर सुटून पुन्हा तिथंच बसतो. करायचं काय?

आर्वीची ताई
टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. खेळणारा नाही म्हणाला तर घरच्या बाईनं फोन लावावा. आणि चुकारा दोघांच्या जोडखात्यात घ्या.

पाटणबोरीचा शेतकरी
जोडखात्याचं पटलं. भावाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.