मे महिन्यात आजोळी मुलांचे दात कसे सांभाळायचे?

मोगरा_पुणे
नमस्कार मंडळी. शाळा संपली की आम्ही मुलांना घेऊन देवगडजवळ माझ्या माहेरी जातो, यंदा तिकडे भावाचं लग्न आणि लगेच भाच्याची मुंज पण आहे म्हणजे जवळजवळ महिनाभर घरात पाहुणे आणि गोडधोड. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. मुलीच्या दोन दाढांमध्ये कीड होती, मार्चमध्ये भरून घेतल्या, खूप रडली बिचारी, आता परत ते नको. पण तिकडे सकाळी उठल्यापासून आंबा, मग आमरस, साठं (वाळवलेली आंबापोळी), फणसाचे गरे, दुपारी नळीतली पेप्सी, संध्याकाळी कोकम सरबत, मध्ये मध्ये कोणी ना कोणी हातावर लाडू ठेवतंच. आईबाबा वर्षभर वाट बघतात नातवंडांची, त्यांना नाही कसं म्हणायचं आणि मला म्हणायचंही नाहीये. मग नक्की कशावर लक्ष ठेवू? दुधाचे दात पडणारच आहेत असं सगळे म्हणतात ते कितपत खरं?

बालदंतवैद्य_नाशिक
मोगरा, आंबा बंद करू नका, मे महिन्यात कोकणात जाऊन आंबा खायचा नाही तर कधी खायचा. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याकडे बघा. गोड तोंडात गेलं की दातावरचे जंतू त्याचं आम्ल करतात आणि पुढचा साधारण अर्धा तास दाताचं वरचं आवरण त्या आम्लात असतं, मग लाळ हळूहळू ते सावरते. जेवणात वाटीभर आमरस घेतला तर हा प्रकार एकदा होतो, तोच दिवसभर एक फोड आता एक फोड मग, घोटघोट सरबत, असं चाललं तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून गोड जेवणाबरोबर, पोटभर, आणि मधल्या वेळी पाणी, ताक, शहाळं, शेंगदाणे, काकडी.

साठं आणि चिक्की मात्र मला आमरसापेक्षा जास्त खटकतात कारण ती दाढांच्या खाचेत चिकटून बसतात आणि तासन्‌तास तिथेच असतात. ते द्यायचं तर जेवणानंतर लगेच, आणि वर चूळ.

दुधाचे दात पडणारच हे खरं, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्के दात वाकडे येतात. शिवाय तुमची मुलगी सहाची आहे, म्हणजे या सुमारास सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ येते, कुठलाही दात न पडता येते त्यामुळे घरच्यांना कळतच नाही आणि तीही दुधाचीच समजली जाते. ती आयुष्यभराची आहे. रोज रात्री टॉर्च लावून बघा आणि तिथपर्यंत ब्रश पोचतोय ना ते बघा.

कोकणातली_आजी
मी आजी आहे म्हणून आजीच्या बाजूने सांगते. आम्हाला पथ्यांची यादी दिली तर वाईट वाटतं, काम दिलं तर आनंद होतो. तुझ्या आईला म्हण, रात्रीचे दात घासून घ्यायचं तुझ्याकडे, माझं ऐकत नाहीत. नातवंडं आजीकडून घासून घेतात, वर गोष्ट मागतात. आमच्याकडे जेवणं आटपली की सगळी पोरं एकत्र पडवीत ब्रश घेऊन बसतात, मोठी मुलं धाकट्यांचे घासतात. आणि घासल्यावर साखर घातलेलं दूध नाही हे मी स्वतः सगळ्यांना बजावून ठेवलंय, दूध द्यायचं तर आधी. एक सांगते, अजून काही घरांत मिश्री लावतात, मुलं बघून बोट घालतात डबीत. तंबाखूच ती, डबी वर ठेवायला सांग, लाजू नको.

मोगरा_पुणे
आजी किती छान सांगितलंत, आईला हे नक्की आवडेल. डॉक्टर, पेस्ट कोणती आणि किती? मुलगा अजून गिळतो थोडी. आणि लग्नाच्या दिवशी हॉलवरून रात्री उशिरा येणार, गाडीतच झोपतात दोघं, तेव्हा काय करू?

बालदंतवैद्य_नाशिक
पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड (दात किडीपासून वाचवणारा घटक) 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलंय का बघा, मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, तेवढ्यातली थोडी गिळली तर घाबरू नका पण थुंकायला शिकवा. थुंकल्यावर भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, थोडं फ्लोराइड दातावर राहू दे. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा.

हॉलवर जाताना ब्रश पर्समध्ये टाका, जेवण झालं की तिथल्याच बेसिनवर घासून घ्या आणि त्यानंतर फक्त पाणी. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे गोड तोंडाने झोपणं सगळ्यात वाईट. सकाळचं एखाद्या दिवशी चुकलं तर चालेल, रात्रीचं नको. कोकम, लिंबू, कैरीचं पन्हं यानंतर मात्र लगेच ब्रश नको, साध्या पाण्याने चूळ आणि अर्ध्या तासाने ब्रश, कारण आंबटाने आवरण तात्पुरतं मऊ झालेलं असतं.

वऱ्हाडी_बाप
यवतमाळकडून लिहितोय. आमच्याकडे, चंद्रपूर, नांदेडकडे पण, काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी प्यायचं नाही. ज्यांचं आजोळ इकडं आहे त्यांनी ग्रामपंचायतीत पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट विचारा आणि पेस्टचं आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा.
अजून एक, सुट्टीत पोरं झाडावर, विहिरीवर असतात, दात पडला मार लागून तर काय करावं हेही कोणी सांगा.

बालदंतवैद्य_नाशिक
बरं झालं विचारलंत. पक्का दात मुळासकट निघाला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने नुसता धुवा आणि जमलं तर लगेच परत त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर कपभर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे, जितकं लवकर तितकं चांगलं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते, पण दाखवून घ्या. आणि दात दुखला म्हणून लवंगेचं तेल किंवा गोळी हिरडीवर ठेवू नका, लहान मुलांची हिरडी भाजते.

मोगरा, जाण्याआधी भरलेल्या दाढा एकदा दाखवून घ्या, फ्लोराइडचा लेप लावायचा का तेही तेव्हाच विचारा, पाच मिनिटांचं काम असतं आणि दुखत नाही. पक्की दाढ पूर्ण वर आली असेल तर तिच्या खाचा बंद करून घेता येतात, म्हणजे साठ्याची भीती बरीच कमी.

मोगरा_पुणे
शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. आईला फोन केला, ती म्हणाली दोघांचे नवीन ब्रश तीच आणून ठेवतेय.