आजीसमोर प्रेमकथा: हॉलमधला एक टीव्ही बरा की ज्याची त्याची खोली?

फोंड्याची सून

विषय घरगुती आहे, पण भांडण आमच्या एकट्याच्या घरातलं नसावं, म्हणून इथे टाकते. पावसाळ्यात आमच्याकडे जेवणं झाली की हॉलमधला टीव्ही लागतो आणि जे लागेल ते सगळे बघतात. बघतात म्हणजे काय, सासूबाई फणसाच्या बिया सोलतात, नवरा पेंगतो, मी कपड्यांच्या घड्या घालते. कधी कौटुंबिक सिनेमा, कधी भुताखेतांची मालिका. गेल्या शनिवारी निवड लेकीची होती. वय १५. तिने 'ट्वायलाइट' लावला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: २००८ चा सिनेमा. सतरा वर्षांची मुलगी नव्या गावात येते, वर्गातल्या देखण्या मुलाच्या प्रेमात पडते आणि तो व्हॅम्पायर निघतो. जन्म १९०१ चा. १९१८ च्या साथीत मरायला टेकला होता तेव्हा त्याला व्हॅम्पायर करून वाचवला, तेव्हापासून सतराचाच राहिलाय. लेक हे सगळं हौसेने आजीला सांगत होती. सासूबाईंनी सुरी थांबवली आणि म्हणाल्या, "म्हज्या बापायच्या पिरायेचो! शाळेंत कित्याक वता गो?" (माझ्या बापाच्या वयाचा, शाळेत कशाला जातो गं?) पुढे तो रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, असं कळलं. त्यावर, "आनी हाका मोग म्हणटात?" (आणि याला प्रेम म्हणतात?)

आम्ही हसलो. लेकीने रिमोट आपटला आणि आत गेली. आता म्हणते, यापुढे मोबाइलवर, माझ्या खोलीत, दार लावून.

माझं मत: नाही. प्रेमकथा जरूर बघ, पण हॉलमध्ये. त्या दोन प्रश्नांत सासूबाईंनी जे सांगितलं ते मी तासभर भाषण देऊनही सांगू शकले नसते. दार लावून बघितलं असतं तर खिडकीतून आत येणारा मुलगा तिला रोमँटिकच वाटला असता.

बार्देसकार

ताई, राग नको, पण तुम्ही हसलात तिथेच चुकलात. तुम्हाला वाटतं आजी सिनेमावर बोलल्या. पोरीला वाटलं, आपल्याला काय आवडतं त्यावर सगळं घर बोललं. पंधराव्या वर्षी या दोन गोष्टी वेगळ्या नसतात.

आमच्या लहानपणी टीव्हीवर तसला सीन आला की वडील पाणी प्यायला उठायचे. म्हाळसेच्या जत्रेतही मी त्यांना इतक्या लगबगीने उठताना पाहिलं नाही. आम्ही भावंडं पंख्याकडे बघत बसायचो. त्या एकत्र बघण्यातून मी एकच शिकलो, की हे बोलायचं नसतं. तुमच्या घरात बोललं जातं हे बरंच आहे. पण कुणाच्या खर्चाने?

दहावी ब

मी तुमच्या मुलीच्याच वयाची आहे, म्हणून लिहिते. आम्हाला माहीत असतं तो शंभर वर्षांचा आहे ते. आम्ही मूर्ख नाही. वर्गात त्यावरून आम्ही आजीपेक्षा जास्त हसतो. पण हसायचं कधी ते आम्हाला ठरवू द्या ना. पहिल्यांदा बघताना एकदा तरी नीट बघू दे, मग करा विनोद. आणि भांडीही त्याच वेळी का घासायची असतात?

डिचोलीचा मास्तर

मुलीचं म्हणणं पटलं, विशेषतः भांड्यांचं. तरी मी फोंड्याच्या ताईंच्या बाजूने.

दारामागे काय चालतं ते लॉक लावून कळत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशा वयाच्या पट्ट्या लावाव्या लागतात आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉक द्यावं लागतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत ते लॉक मुलांनीच लावून दिलंय, कारण आईबाबांना ते जमत नाही. पिन कुणाला ठाऊक असेल, सांगा.

दुसरं. परदेशी मालिकांत सोळा-सतराची जोडपी (नट पंचविशीचे असतात, ते सोडा) जे सहज करतात, ते आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) गुन्हा ठरू शकतं. अठराच्या खाली संमती धरलीच जात नाही. हे मुलांना कुठली मालिका सांगणार? आणि मी वर्गात सांगायला गेलो की समोर तीस चेहरे फळ्याकडे बघतात. हॉलमध्ये, सिनेमा चालू असताना, ओघात निघालेली गोष्ट आत जाते.

बार्देसकार

मास्तर, ओघात पोक्सो? प्रेमाचा सीन चालू आहे आणि बाबा म्हणतात, थांबा, कलम सांगतो. पोर दुसऱ्या दिवशी हॉस्टेल शोधेल.

शेवरोबा

तुम्ही सगळे प्रेमावर अडकलात. माझी तक्रार भुतांबद्दल आहे.

माझा आठ वर्षांचा नातू रात्री दिवा मालवू देत नाही. कारण काय, तर मालिकेतला देवचार. अरे, देवचार हा काय उरावर बसणारा सांगाडा आहे? आमच्या गावात तो राखणदार. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, पायात वहाणा. रात्री सीमेवरून फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो. आम्ही त्याला रोट देतो, विडी ठेवतो, सोरो (दारू) ओततो. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या हातात दांडा आणि दिवटी आहे ती कशासाठी? लोक त्याच्या भरवशावर निवांत झोपतात. लहानपणी रानातून घरी येताना मला भीती वाटली की आई म्हणायची, "भियो नाका, राखणो आसा." तोच राखणदार आज टीव्हीवर डोळे पांढरे करून बायकांच्या मागे लागतो, मागून ढोल वाजतो. ज्याच्या नावाने धीर यायचा त्याच्याच नावाने पोरं घाबरायला लागली.

हे परदेशी व्हॅम्पायर चालतील. ते आपले नव्हेत, त्यांचं काहीही करा.

सत्तरीची

काका, देवचाराचं खरंच सुंदर लिहिलंत. पण आपल्या गोष्टी इतक्या सोवळ्या कधी होत्या? माझी आजी सांगायची त्यात देवचार रोट चुकला तर थोबाडीत मारतो, वहाण उलटी घातली तर रात्रभर त्याच त्याच जागी फिरवतो. आम्हीही दिवा मालवू द्यायचो नाही. फरक इतकाच की तेव्हा आजी शेजारी असायची.

आणि मालिका सगळ्याच ढोल बडवणाऱ्या नसतात. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला सुरू झाली तेव्हा आमचं अख्खं घर रात्री साडेदहाला जागं असायचं. चित्रण सावंतवाडीजवळ आकेरीला, बोली आमच्याशी मिळतीजुळती. २०१९ चा दुसरा भाग बघताना आई मध्येच म्हणाली, यात भुताला कोण घाबरतंय, मला अण्णा नाईकांची भीती वाटते. वाड्यावर सगळ्यांना गप्प करणारा तसा एक माणूस तिने लहानपणी पाहिला होता. मग तिने त्याच्याबद्दल सांगितलं. ती गोष्ट आम्ही त्याआधी कधी ऐकली नव्हती. एकटीने मोबाइलवर बघितली असती तर ती बोलली असती?

शेवरोबा

वहाणेचं बरोबर आहे. ते मी विसरलो होतो. तरी डोळे पांढरे नव्हते.

मांडवीकाठ

या धाग्यात सिनेमा बघणारा कुणीच दिसत नाही. एकजण सोलतोय, एकजण पेंगतोय, एकजण संस्कार करतोय. 'सैराट'चा शेवट आठवा. आवाज गेलेला, लहान मूल रक्तात भिजलेल्या पावलांनी चालत बाहेर जातं. माझ्या घरात नेमकं त्या वेळी कुणीतरी विचारलं, दूध तापवलं का? मी त्या दिवसापासून सगळे सिनेमे हेडफोन लावून एकटा बघतो. त्यात चोरटेपणा नाही. इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, लोक पणजीत रांगा लावतात ते अंधारात गप्प बसायला मिळतं म्हणूनच ना?

फोंड्याची सून

दूध तापवलं का हे आमच्याकडे मीच विचारते, तेव्हा कबूल.

सगळं लेकीला वाचून दाखवलं. 'दहावी ब' कोण आहे ते तिने तीनदा विचारलं. हसलो ते चुकलं, हे तिला सांगितलं. पण दार लावून बघण्यावर मी अजून ठाम आहे आणि तीही. शेवटी तह असा झाला: नवीन काही असेल तर आधी ती एकटी बघणार, खोलीत, पण दार लोटलेलं. आवडलं तर हॉलमध्ये लावणार. तेव्हा घड्या, भांडी, दूध सगळं बंद. आजीने बोलायचं, पण सीन संपल्यावर. बियांवर तडजोड नाही, त्या सोलल्या जातीलच.

एक अडचण उरली. या सिनेमाचे एकूण पाच भाग आहेत असं कळल्यापासून सासूबाई पुढचा लाव म्हणून मागे लागल्यात. लेकीला आता त्यात रस नाही. काल मला विचारत होत्या, शेवटी तो म्हातारा होतो की नाही?

दहावी ब

नाही होत. उलट तीच...

फोंड्याची सून

थांब गो बाय! मागे उभ्या राहून वाचतायत.