सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) २०० तास की १५००?

धरमपेठकर:
भाचा यंदा कॉमर्सने बारावी झाला, पायलट व्हायचं म्हणून राहिला. एक जण म्हणतो २०० तासांच्या उड्डाणात लायसन्स, दुसरा म्हणतो १५०० तासांशिवाय एअरलाइन उभी करत नाही. खरं काय?

रनवे३२:
दोन्ही आकडे खरे, देश वेगळे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअर या कंपनीचं विमान पडलं. त्यावर अमेरिकेने २०१० साली कायदा केला आणि २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तास लागू झाले (लष्करी वैमानिकाला ७५०). गंमत अशी की त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते! आपल्याकडे १५०० तास आणि वय २१ लागतं ते एटीपीएलला (सीपीएलच्या वरचं लायसन्स), म्हणजे कॅप्टनसाठी. को-पायलटला २०० तासांचं सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवायची मान्यता) आणि जे विमान उडवायचं त्या प्रकाराचं टाइप रेटिंग.

लॉगबुक:
२०० हा आकडा फसवा आहे भाऊ, आतली विभागणी बघा. १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर), त्यातले १५ अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले. शेवटच्या लेखी पेपरात अडकून उडणं थांबलं की हे १५ पुन्हा विकत घ्यावे लागतात. रात्रीचे ५ तास, १० टेकऑफ, १० लँडिंग.
क्रॉस-कंट्री (दूरच्या ठिकाणी जाणारं उड्डाण) २० तास, त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. नागपूर-रायपूर-नागपूर अंतरात कसंबसं बसतं, पण बाहेरचा विमानतळ एकच होतो. परतताना गोंदियाला उतरलं तर साधारण ५७० किमी भरतात, हवे असतात सुमारे ५५५.
आणखी एक. सीपीएलला इन्स्ट्रुमेंटचे १० तास पुरतात, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगला ४०, शिवाय कमांडमधली क्रॉस-कंट्री ५० तास. हे पहिल्या दिवसापासून त्याच २०० मध्ये बसवलं नाही तर खर्च वाढलाच समजा.

धरमपेठकर:
अन् कॉमर्सचं?

रनवे३२:
बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसले तरी ते एनआयओएसमधून (केंद्राची मुक्त शाळा) देता येतात. पण त्याच्याही आधी क्लास टू मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी), मग क्लास वन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर फीचे लाखो रुपये तरी वाचतील. दहावीची मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून ठेवा. डीजीसीएचा (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, तिथेच रखडतो, आणि त्याशिवाय पेपरला बसता येत नाही. पास व्हायला ७० टक्के.