‘रोजनिशी बदला’ म्हणजे नक्की काय बदला?

मधुरा_वहीवाली:
एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीसाठी छोटं पत्रक मराठीत करतेय. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी आहे. औषधं, साखर, झोप, कूस कधी बदलली आणि सांभाळणाऱ्याचा स्वतःचा दिवस कसा गेला, हे सगळं एका वहीत लिहीत जा, असा सल्ला. इथवर जमलं. पुढे सांगायचंय की गरज पालटेल तशी लिहिण्याची रीतही पालटा; सुरुवातीला तासातासाची नोंद लागते, पेशंट सावरला की आठवड्याची पुरते. मी लिहिलं, ‘गरजेनुसार रोजनिशी बदला.’ सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “म्हणजे वही भरली की नवी आणायची, होय ना?” ‘अनुकूलन करा’ लिहिलं तर पत्रकाची पुडी होईल. शिवाय रोज लिहायचीच नाही, तिला रोजनिशी का म्हणायचं? सुचवा.

स्वभाषाप्रेमी:
मुळात रोजनिशी हा फारसी शब्द. ‘दैनंदिनी’ असा सुंदर शब्द असताना उसनवारी कशाला? ‘दैनंदिनीत यथोचित परिवर्तन करावे.’

तलाठ्याची_लेक:
दैनंदिनी नको हो! बाबांना महिनाअखेरीस दैनंदिनी सादर करावी लागायची. आई जेवायला हाका मारतेय आणि हे कोणत्या तारखेला कोणत्या गावी होतो ते आठवत बसलेत. माझ्या कानात त्या शब्दाला साहेबाच्या सहीशिवाय अर्थच नाही. अशा वहीत ‘आज फार रडू आलं’ कोण लिहील?

निशाचर:
रोजनिशी फारसी कशी? रोज + निशी. निशी म्हणजे रात्री. दिवसाचं काम आटपून रोज रात्री लिहायची ती रोजनिशी. आमची आजी कंदिलाजवळ बसून लिहायची.

दफ्तरदार:
निशाचर, आजीला नमस्कार, पण हे ‘निशी’ रात्रीचं नव्हे. ते नवीस, म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पारसनीस, सगळी त्याच घरातली मंडळी. नवीसी झिजून निशी झालं. अष्टप्रधानांतला मंत्री म्हणजे आधीचा वाकनीस. राजाचा दिवस कसा गेला ते टिपून ठेवणं हे त्याचं काम. आणि पेशवे दफ्तरातल्या रोजनिश्या पाहा: जमा, खर्च, इनामं, हुकूम. अमुक दिवशी मन उदास होतं असं तिथे सापडायचं नाही. मनाबिनाचं लिहायचं ते आपण इंग्रजी आमदानीत शिकलो. तेव्हा मधुराताईंच्या औषधं-साखरेच्या वहीला रोजनिशी अगदी शोभतो. सांभाळणाऱ्याचं मन त्यात घातलंत की तो शब्द अवघडतो.

निशाचर:
असेल तुमची व्युत्पत्ती खरी. पण शब्द वापरणाऱ्याला जे ऐकू येतं तेही खरंच की! मला रात्रच ऐकू येते.

स्वभाषाप्रेमी:
म्हणजे ज्याला जे ऐकू येईल तो अर्थ? मग कोश कशाला हवेत? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच का?

दफ्तरदार:
कोश झाला, वाकनीसाचा मंत्रीही झाला. पण वाकनीस आडनाव आजही आहे. सध्या एवढंच म्हणतो.

कॉमर्सवाला:
बारावीला पुस्तपालन घेतलेलं कोणी नाही का इथे? जर्नल म्हणजे रोजकीर्द. जे घडलं ते तारखेवार कीर्दीत लिहायचं, मग खातेवार खतावणीत न्यायचं. याला खतावणे म्हणतात, धातू जिवंत आहे. ताईंना हेच सांगायचंय. सुरुवातीला नुसती कीर्द. पंधरा दिवसांनी मागे वळून झोपेचं एक पान, साखरेचं एक पान, असं खतवायचं. ज्या खात्यात काही घडत नाही ते बंद करायचं. ती बुलेट जर्नल नावाची वही लिहायची पद्धत २०१३ पासून गाजतेय ना, त्यात अर्धवट कामं पुढच्या महिन्यात नेतात. आमच्या दुकानात त्याला ‘बाकी पुढे ओढणे’ म्हणतात. पाडव्याला नवी चोपडी पुजली तरी बाकी जुनीच ओढावी लागते.

तलाठ्याची_लेक:
‘आईची साखर खतवा.’ वा!

तासगावचा_भाऊ:
आमची द्राक्षाची वही तारखेवर चालतच नाही, ते सांगतो. एप्रिलला खरड छाटणी झाली की वही ‘दिवस पहिला’पासून सुरू. काडी पिकते त्या दिवसांत लिहायला फारसं नसतं. पाणी किती, खत कुठलं, आठवड्यातून दोन ओळी. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुन्हा ‘दिवस पहिला’. तेव्हा मात्र तीच वही रोज भरते. पाऊस पडला, पानाखाली डाऊनी (बुरशीचा रोग) दिसला, काय मारलं, लिटरला किती, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं कधी. युरोपला माल द्यायचा तर फवारणीची नोंद दाखवावी लागते, म्हणून तिचा रकाना वेगळा. गावात कोणी तारीख विचारत नाही, “प्लॉट किती दिवसांचा झाला?” विचारतात. पेशंटचंही तसंच करा की. घरी आणलं तो दिवस पहिला. याला आम्ही नुसतं ‘वही’ म्हणतो. काही अडत नाही.

मधुरा_वहीवाली:
भाऊ, हे मैत्रिणीला लगेच कळवते. ‘पहिला दिवस’ फारच कामाचं आहे. पण क्रियापदाचं काय? वही ‘बदला’ म्हटलं की सासूबाई दुकानातच पोचतात.

भिंतीवरचं_कॅलेंडर:
खरी मराठी रोजनिशी कालनिर्णयच्या चौकटीत असते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी. सासऱ्यांच्या आजारपणात त्याच चौकटीत मी बीपी लिहू लागले. दुधाचा हिशेब कोपऱ्यात सरकवला. पद्धत बदलतेय असं काही मनात आलं नव्हतं, जागा कमी पडली एवढंच. ‘नोंदी कमी-जास्त करा’ लिहा ना सरळ. आणि ‘खाडा पडला तरी चालेल’ हे जरूर लिहा. सांभाळणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त तेच ऐकायचं असतं.

स्वभाषाप्रेमी:
‘नोंदी कमी-जास्त करा’मध्ये पद्धत बदलण्याचा भाव येत नाही. ‘लेखनाचा नेम बदला’ कसं वाटतं?

तलाठ्याची_लेक:
नेम बदलत नाहीत, मोडतात. चातुर्मासात विचारा कोणालाही.

निशाचर:
वासरी हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? संकल्पात ‘भानुवासरे’, ‘इंदुवासरे’ म्हणतो ना, तोच वासर म्हणजे दिवस. शुद्ध संस्कृत, स्वभाषाप्रेमींचीही सोय.

स्वभाषाप्रेमी:
प्रथमच सहमत.

तासगावचा_भाऊ:
वासरी म्हटलं तर आमच्याकडे लोक गोठ्यात बघतील.

कॉमर्सवाला:
😂 ‘गरजेनुसार वासरी बदला.’ बाजार मंगळवारी.

मधुरा_वहीवाली:
मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. ‘नोंदी कमी-जास्त करा’ जवळपास पक्कं करते, पण पद्धतीचा भाव उरत नाही हे स्वभाषाप्रेमींचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये. ‘लिहिण्याची घडी बदला’?

दफ्तरदार:
‘घडी’वर थांबा जरा. वेळेची घटिका ती घडी आणि कपड्याची ती घडी, या दोन्ही एकाच मुळातल्या की वेगळ्या?

निशाचर:
एकाच! घड्याळ बंद करून ठेवलं की…

स्वभाषाप्रेमी:
अजिबात नाही. वेगळा धागा काढा.