मदत हवी आहे : मुलाच्या बोटीचं इनबोर्ड इंजिन मिशिगनच्या थंडीत फुटू नये म्हणून काय काय करावं?

पैठणचा फिटर :

नमस्कार मंडळी. इथं अमेरिका-कॅनडात राहणारे बरेच जण लिहितात म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबलचक झालंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी पैठणला राहतो. इंजिन दुरुस्तीत चौतीस वर्षं गेली. नाथसागराच्या काठानं शेतकऱ्यांनी पाणी उचलायला बसवलेली इंजिनं, ट्रॅक्टर, मधूनमधून मासेमारीच्या होडीवरचं एखादं छोटं इंजिन, असं काम. इंजिन गरम होऊन कसं मरतं ते मी शेकडो वेळा बघितलंय. पाणी आटलं, नळी फाटली, हेड वाकलं, गॅस्केट गेलं. पण इंजिन थंडीनं मरतं हे मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. आमच्याकडे थंडी म्हणजे परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो, तेवढीच.

धाकटा मुलगा मिशिगनला नोकरीला आहे. त्यानं या उन्हाळ्यात एक जुनी बोट घेतली. मागं लोंबणारं इंजिन नाही, इनबोर्ड. म्हणजे बोटीच्या पोटात मधोमध इंजिन आणि तिथून सरळ शाफ्ट बुडातून बाहेर पंख्याला. पेट्रोलवरचं ५.७ लिटरचं व्ही-८ आहे, इंजेक्शनवालं. थंड करायला तळ्याचंच पाणी. रबरी इम्पेलरचा (पात्यांच्या चाकाचा) पंप ते ओढतो, ते ब्लॉकमधून (इंजिनाच्या बिडाच्या अंगातून), मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यातून) फिरतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाला पंपाच्या डिलिव्हरीतून बारीक नळी काढून जॅकेटमध्ये पाणी सोडतात, तीच तऱ्हा. रेडिएटर नाही, कूलंट नाही. म्हणजे इंजिन बंद केलं की तळ्याचं पाणी ब्लॉकच्या पोटात तसंच बसून राहणार.

बोट आता ट्रेलरवर, घराच्या अंगणात उघड्यावर आहे. पुढच्या मंगळवारी रात्री तिकडे पारा शून्याखाली चार अंशांवर जाणार असं हवामानात दाखवतायत. आणि लेकरू गुरुवारी दिवाळीसाठी इकडे निघतंय, महिनाभरासाठी. दोन वर्षांनी घरी येतोय. म्हणजे जे करायचं ते याच रविवारी.

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं हे मला माहीत आहे. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ते सगळ्यांनी बघितलंय. बिडाला ताण सोसत नाही, ते काचेसारखंच तडकणार. त्याच्या ओळखीतल्या एकाचा ब्लॉक गेल्या हिवाळ्यात असाच बाजूनं उभा चिरला. कळलं कधी, तर उन्हाळ्यात इंजिन चालू केल्यावर, ऑइल दुधाच्या चहासारखं झाल्यावर.

मुलानं दुकानातून गुलाबी अँटिफ्रीझचे (गोठू न देणाऱ्या द्रवाचे) एकेक गॅलनचे सहा कॅन आणलेत. दुकानदारानं सांगितलं की नळी बादलीत टाक, इंजिन चालू कर, मागून गुलाबी पाणी यायला लागलं की बंद कर, झालं काम. मला हे पटत नाही. मागून गुलाबी आलं म्हणजे ब्लॉकमध्ये गुलाबी गेलं हे कशावरून? थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असेल तर पाणी ब्लॉकला वळसा घालून बाहेर पडेल, असं माझं डोकं सांगतंय. पण मी असलं इंजिन हातानं उघडलेलं नाही, म्हणून खात्रीनं बोलत नाही.

दुसरं, ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात. मुलगा म्हणतो, पाणी गोठलं तर त्या टोप्या निसटतात आणि ब्लॉक वाचतो. हे खरं आहे का? आणि इंजिनाच्या खोलीत एखादा शंभरचा बल्ब किंवा छोटा हीटर लावून ठेवला तर?

रविवारी मी व्हिडिओ कॉलवर त्याच्याबरोबर असणार आहे. पाना त्याच्या हातात, पण कुठला नट आधी खोलायचा ते मला सांगता आलं पाहिजे. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहावं.

नांदेडी :

काका, मी मूळचा नांदेडचा, बारा वर्षं मिनेसोटात. आमच्याकडे मिशिगनपेक्षा थंडी जास्त. माझ्याकडेही इनबोर्ड आहे आणि दरवर्षी मी स्वतःच करतो.

तुमची थर्मोस्टॅटची शंका शंभर टक्के बरोबर आहे. बादलीतून ओढायची पद्धत इथं खूप लोक वापरतात आणि त्यातच ब्लॉक जातात. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद, सगळं गुलाबी मॅनिफोल्डमधून मागं, आणि ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी जिथल्या तिथं. थर्मोस्टॅट उघडला तरी आतल्या पाण्यात मिसळून अँटिफ्रीझ पातळ होतं, मग ते बाटलीवर लिहिलेल्या तापमानाला टिकत नाही. आधी पूर्ण रिकामं करा, मगच भरा. एवढं एक पाळलं तरी पुष्कळ.

टोप्यांवर विसंबू नका. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला ठेवलेली ती भोकं, त्यांना ती झाकणं. कधी निसटतात, कधी टोपी जागच्या जागी आणि शेजारी चीर.

बल्ब-हीटर तर अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. साधा हीटर म्हणजे ठिणगीला आमंत्रण. शिवाय महिनाभर घरी कुणी नाही, बर्फात वीज गेली तर त्याच रात्री सगळं गोठणार. रविवारी इंजिन चालू करायच्या आधीही झाकण उघडून ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवायला सांगा.

आता क्रम. टाकीत पेट्रोल जवळपास भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाकायचा, कारण इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. मग बागेच्या नळाचं पाणी पंपाच्या तोंडाला जोडून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. पाण्याशिवाय क्षणभरही नको, इम्पेलर जळतो. इंजिन गरम झालं की बंद करून लगेच ऑइल आणि फिल्टर बदलायचा. जुनं ऑइल हिवाळाभर आत राहिलं तर त्यातलं आम्ल बेअरिंगला खातं.

मग पाणी काढणं. ब्लॉकला डावीकडे एक, उजवीकडे एक प्लग. इंजेक्शनच्या इंजिनाला त्या जागी बहुतेक नॉक सेन्सर (इंजिनाची ठोठावण ओळखणारा) बसवलेला असतो, वायर जोडलेली दिसेल. गोंधळू नका, तोच खोलायचा. परत बसवताना त्याच्या आट्यांना टेप किंवा पेस्ट लावायची नाही, आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आवळायचं. दोन्ही मॅनिफोल्डच्या तळाला एकेक प्लग. सर्क्युलेशन पंपाची (ब्लॉकमध्ये पाणी फिरवणाऱ्या) मोठी नळी खालून काढायची. समुद्रपाण्याचा म्हणतात तो, म्हणजे तळ्याचं पाणी ओढणारा पंप उघडून इम्पेलर काढून घरात ठेवायचा, नाहीतर पाती एकाच बाजूला वाकून बसतात.

आणि लोक नेमकं विसरतात ते दोन भाग : गिअरबॉक्सचा ऑइल कूलर आणि बोटीत गरम हवेचा हीटर किंवा शॉवर असेल तर त्याची नळी. माझा पहिल्या वर्षी हीटरच फुटला होता. ब्लॉक वाचला म्हणून मी खूश, आणि मे महिन्यात पायाखाली पाणीच पाणी.

रिकामं झालं की प्लग लावून गुलाबी वरून ओतायचं. थर्मोस्टॅटच्या डब्यातून सर्क्युलेशन पंपाकडे येणाऱ्या नळीतून ब्लॉकमध्ये, आणि मॅनिफोल्डच्या नळ्यांतून दोन्हीकडे. सहा गॅलन पुरायला हवेत. बाटलीवर उणे ५० लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, आणि ते पाइप न फुटण्याचं तापमान. उणे १२ सेल्सिअसच्या आसपासच त्याचा चिखल व्हायला लागतो. त्यानं घाबरू नका, चिखल ब्लॉक फोडत नाही. पण त्यात पाणी मिसळू द्यायचं नाही ते याचसाठी. गुलाबी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल याची खात्री करा. गाडीचं हिरवं एथिलीन ग्लायकॉल विषारी, चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात.

बॅटरी पूर्ण चार्ज करून केबल सोडवायची. उतरलेली बॅटरी उणे सात-आठलाही गोठू शकते.

माजी सैनिक, उदगीर :

बोटीतलं मला कळत नाही, पण लेहमध्ये गाड्या सांभाळल्यात. तिथं आमच्या उस्तादाचं एकच सांगणं असायचं : धार थांबली म्हणजे पाणी संपलं असं समजू नका, धार का थांबली ते बघा. गंज, गाळ अडकून कॉक (पाणी सोडायची तोटी) बंद होतो आणि माणूस समजतो रिकामं झालं. प्रत्येक भोकात तार घालायची. आणि ट्रेलर सपाट जमिनीवर आहे का तेही बघा, तिरका असेल तर एका कोपऱ्यात पाणी राहील.

पैठणचा फिटर :

नांदेडीदादा, तुमचे उपकार विसरणार नाही. प्रिंट काढून घेतलंय.

फौजीसाहेब, तारेचं तुम्ही लिहिलंत आणि मला माझंच काम आठवलं. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की ट्रॅक्टरच्या ड्रेन कॉकमध्ये क्षाराचा दगड होतो. कॉक फिरवला, चार थेंब आले, पोरगं म्हणतं झालं. तार घातली की तांब्याभर निघतं. चौतीस वर्षं मी हेच करत आलोय, फक्त ते गोठण्यासाठी नाही, तापण्यासाठी. म्हणजे मला वाटलं होतं तेवढा मी या कामात कोरा नाही.

एक शंका राहिली. सगळं रिकामं केल्यावर अँटिफ्रीझ भरायलाच पाहिजे का? कोरडं ठेवलं तर?

नांदेडी :

पूर्ण कोरडं असेल तर फुटायला आत काही नाही, आणि कित्येक लोक तसंच ठेवतात. पण कुठल्या तरी कोपऱ्यात अर्धा पेला राहतोच. त्यात गुलाबी मिसळलं की तो निरुपद्रवी होतो. शिवाय ओलं बीड उघड्या हवेत जास्त गंजतं. काका, तुम्ही पहिल्यांदाच करताय, मुलगा महिनाभर इथं नाही. भराच.

पैठणचा फिटर :

रविवारी रात्री लिहितोय. काम सुरू केलं तेव्हा तिकडची सकाळ दहाची, इकडे संध्याकाळचे साडेसात. चार तास लागले.

उजव्या बाजूचा सेन्सर खोलला, भसाभसा पाणी आलं. डावीकडचा खोलला तर दोन थेंब. मुलगा म्हणाला, बाबा, या बाजूचं उजवीकडूनच गेलं असेल. मी म्हटलं, व्ही-८ आहे, दोन्ही बाजू वेगळ्या, तार घाल. त्यानं कपड्याच्या हँगरची तार सरळ करून घातली. आधी गंजाचा लगदा आला, मग काळपट पाणी. खाली ठेवलेली घमेल्याएवढी परात अर्धी भरली. त्याची आई मागून बघत होती, तिनंच आधी ओरडून सांगितलं की आलं, आलं.

हे सगळं आत राहिलं असतं आणि मागून गुलाबी पाणी बघून आम्ही निवांत झोपलो असतो.

गिअरबॉक्सच्या कूलरच्या दोन्ही नळ्या काढल्या. हीटर आहे की नाही हे मुलालाच माहीत नव्हतं. डॅशबोर्डच्या खाली हात घातला तर सापडला. नळ्या फुंकून रिकाम्या केल्या, मग त्यातही गुलाबी ओतलं. साडेपाच गॅलन लागले. इम्पेलरची एक पात अर्धी तुटलेली निघाली. ती पुढं कुठल्यातरी नळीत अडकलेली असणार, ती शोधणं राहिलंय. कूलरच्या तोंडाशी सापडेल का? कुणाला अनुभव असेल तर लिहा, मुलगा बुधवारी संध्याकाळी एक तास काढू शकतो.

बॅटरी घरात नेली. बोटीच्या बुडाचं बूच काढून किल्लीला बांधून ठेवलंय, म्हणजे उन्हाळ्यात ते लावल्याशिवाय बोट पाण्यात जायची नाही.