इच्छा होती, यंत्रणा नव्हती

सुरुवातीच्या संकेतस्थळांवर चर्चेची सोय नव्हती ती चालकांच्या अनास्थेमुळे, हे मत मला पटत नाही. तेव्हा पानं म्हणजे सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ साठवणाऱ्या संगणकावर, ठेवलेल्या तयार एचटीएमएल (वेबपानं लिहायची खुणांची भाषा) फायली; त्या फक्त वाचता येत. वाचकाचं लेखन साठवायची वाट १९९३मध्ये सीजीआय, म्हणजे वाचकाने पाठवलेला मजकूर सर्व्हरवरच्या प्रोग्रामकडे देण्याची पद्धत, आल्यावर खुली झाली.

तीही खडतर. प्रत्येक प्रतिसादासाठी सर्व्हरला स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, नव्याने सुरू करावी लागे. डेटाबेस बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, म्हणून सगळं साध्या मजकूर-फायलीत. दोघांनी एकाच क्षणी 'पाठवा' दाबलं आणि फाइल लॉक केलेली (एका वेळी एकालाच लिहिता येईल अशी) नसली, की एकाचं लेखन गडप, कधी सगळी फाइलच खराब. मनापासून लिहिलेलं असं नाहीसं झालं तर माणूस पुन्हा कशाला लिहील? मला ही सर्वात मोठी अडचण वाटते.

शिवाय एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) आधीची विनंती लक्षात ठेवत नाही. सदस्याची ओळख टिकवायला नेटस्केप या ब्राउझर-कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४मध्ये आणलेली कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, फार उपयोगी पडली. आणि आलेला मजकूर त्यातल्या एचटीएमएलच्या खुणा न तपासता तसाच दाखवला, तर एखाद्याने बंद न केलेला ठळक अक्षरांचा टॅग (खूण) खालचे सगळे प्रतिसाद ठळक करून टाकी. स्क्रिप्ट घुसवणारे तर आणखी धोकादायक. हे सगळं बहुधा एकटादुकटा माणूस नोकरी सांभाळून निस्तरत असे.