ट्रेलच्या एवढ्या जवळ अस्वलासाठी खाणं ठेवलेलं चालतं का?

भटकी: मंडळी, रविवारी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या उत्तरेला जंगलात फिरायला गेलो होतो, आमचा कुत्रा एकदम नाक वर करून झाडीत घुसला, मागे जाऊन बघते तर एक पोकळ ओंडका, तोंडावर जड लाकडं रचलेली, फटीतून शिळे डोनट दिसतायत आणि वर काहीतरी गोड चिकट ओतलेलं, मुंग्याच मुंग्या. ट्रेलपासून फार तर तीस पावलं. नवरा म्हणतो शिकाऱ्यांचं आमिष आहे, कायदेशीर असतं. पण सीझन सप्टेंबरात ना? आत्ता जुलै आहे! लोक पोरंबाळं घेऊन जातात हो तिथून. सगळं उपसून टाकावंसं वाटत होतं.

जंगलबाबा: उपसू नका ताई, कायदेशीर शिकारीत अडथळा आणणं हा तिथे गुन्हा आहे, उलट तुम्हीच अडकाल. आमिष १५ एप्रिलपासून ठेवता येतं, अस्वलाला जागेची सवय लागावी म्हणून, त्यामुळे जुलैत दिसलं यात नवल नाही. ओंडका आणि लाकडं पण नियमातलीच, हरणाचं तोंड आत जाऊ नये म्हणून. एका जागी १० गॅलनपेक्षा जास्त नको, प्लास्टिक, पत्रा, काच काही वापरायचं नाही. पण लोकांच्या वापरातल्या ट्रेल, रस्ता किंवा कॅम्पसाइटपासून किमान ५० यार्ड लांब हवं, म्हणजे साधारण ४५ मीटर. तीस पावलं म्हणजे बसत नाही त्यात. अर्थात झाडीतली पावलं ती, फोनवर लोकेशन घेऊन नीट मोजा.

मिनू_के: कुत्र्याने खाल्लं का काही?? चॉकलेट असेल तर लगेच व्हेटला फोन कर. २०१४ साली न्यू हॅम्पशरमध्ये अशाच एका आमिषाजवळ चार अस्वलं मेलेली सापडली होती, चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनने. अस्वलाची ही गत तर कुत्र्याचं काय.

अण्णा_अलास्का: ५० यार्ड म्हणजे काहीच नाही हो. आमच्याकडे सार्वजनिक रस्ता किंवा ट्रेलपासून पाव मैल, घर, शाळा, कॅम्पग्राउंडपासून एक मैल, वर जागेची नोंदणी आणि परमिट नंबरची पाटी. कोलोरॅडोने तर १९९२ मध्ये मतदान घेऊन आमिष बंदच केलं, मेन राज्यात २००४ आणि २०१४ असं दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा बंदीचा प्रस्ताव पडला. माझं म्हणाल तर शिकारीला विरोध नाही, पण वाटेला खेटून डोनट ठेवायचे आणि मग अस्वल वाटेवर आलं म्हणून ओरडायचं, याला काय अर्थ आहे.

भटकी: कुत्रा ठीक आहे, नुसतं चाटलं त्याने, चॉकलेट दिसलं नाही. काल परत जाऊन टेपने मोजलं, २८ यार्ड भरलं. फोटो आणि लोकेशन शिकारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनला पाठवलंय. नवरा अजून म्हणतोय टेप तिरकी धरलीस.

जंगलबाबा: तिरकी धरली तर अंतर जास्तच येतं, त्याला सांगा 😄